मावश्या वर्गाला येईनाशा झाल्या, बंद करू का?

प्रश्न: ताई, मी २७ वर्षांची, कोथरूडला राहते, आयटीत आहे. मी आणि माझ्या मैत्रिणीने आमच्या सोसायटीत कामाला येणाऱ्या मावश्यांसाठी क्लबहाऊसमध्ये मोफत साक्षरता वर्ग सुरू केला, सोमवार ते शुक्रवार संध्याकाळी ७ ते ८. वह्या, पेन्सिली, अंकलिपी सगळं आम्हीच दिलं. पहिल्या दिवशी ११ जणी आल्या, आम्ही फोटो सोसायटीच्या ग्रुपवर टाकले, सगळ्यांनी खूप कौतुक केलं. आता दोघीच येतात. बाकीच्यांना विचारलं तर "येते ना उद्या" म्हणतात, एक तर म्हणाली आता या वयात काय करायचंय शिकून. खरं सांगू का, वाईट वाटतं. त्यांना मुळात शिकायचंच नाहीये का? बंद करू का?
कोथरूडहून एक वाचक

उत्तर:

अगं बंद कशाला करतेस. पहिल्या दिवशी ११ जणी आल्या ना, दिवसभर चार-पाच घरची धुणीभांडी, पोळ्या उरकून, कुणी हाताला धरून न आणता. ज्यांना शिकायचंच नसतं त्या पहिल्या दिवशीही येत नाहीत. त्यामुळे इच्छा आहे का नाही हा प्रश्न डोक्यातून काढून टाक. त्यांना जमत नाहीये, आणि का जमत नाहीये ते त्या तुझ्या तोंडावर सांगणार नाहीत, कारण तू नाहीतर तुझी शेजारीण त्यांची मॅडम आहे. मी वस्तीतले असे वर्ग बरीच वर्षं बघितलेत, घेतलेत, म्हणून जरा स्पष्ट लिहिते, मनाला लावून घेऊ नकोस.

आधी वेळ. संध्याकाळी ७ ही तुम्ही ऑफिसमधून येऊन मोकळ्या होता ती वेळ. त्या बाईची तीच वेळ स्वतःच्या घरच्या भाकरी-पोळ्यांची, पोरं क्लासवरून येतात, नवरा येतो, त्यात नळाला पाणी त्याच वेळी येत असेल तर झालंच. गुरुवारी पाणी बंद म्हटलं की बुधवारी संध्याकाळी हंडे-बादल्या भरण्याशिवाय दुसरं काही होत नाही हे तुमच्या कोथरूडच्याच वस्त्यांत, सुतारदऱ्यात नाहीतर किष्किंधानगरात कुणालाही विचार. आणि नेमका तेव्हा वर्ग. दुपारी सकाळची कामं संपून संध्याकाळची सुरू व्हायच्या मधे, साधारण अडीच ते चार, बऱ्याच जणींना थोडा श्वास मिळतो. मुरबाड तालुक्यातल्या फांगणे गावची आजीबाईंची शाळा तुला माहीत असेल, २०१६ च्या महिला दिनाला सुरू झाली, गुलाबी लुगडी नेसून साठी-सत्तरीच्या आज्या पाटी घेऊन बसायच्या, ती शाळासुद्धा दुपारचीच, कारण आज्यांची घरची कामं तेव्हा आवरलेली असतात.

तू म्हणशील दुपारी आम्ही ऑफिसला. बरोबर आहे, मग शनिवार-रविवार दुपार तुम्ही दोघी घ्या आणि मधल्या दोन दिवसांसाठी सोसायटीतल्या एखाद्या रिटायर्ड काकू-काकांना गाठा. कोथरूडात रिटायर्ड शिक्षिका शोधायला लांब जावं लागणार नाही. आठवड्याचे चारच दिवस झाले तरी चालतील, पण ते चार दिवस त्यांनी ठरवलेले असू देत.

आता जागा, आणि हे मला वेळेपेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटतं. क्लबहाऊस तुमच्यासाठी हक्काचा हॉल आहे. तिच्यासाठी ते गेटवर नोंद करून, पिशवी दाखवून, कुठल्या फ्लॅटला चाललीस सांगून आत यायचं ठिकाण आहे, आणि तिथे ती खुर्चीवर बसून थरथरत्या हाताने "अ" काढत असताना काचेच्या दारातून जिच्याकडे ती भांडी घासते ती बाई जिमला जाताना बघतेय. पंचेचाळीस वर्षं जे झाकून ठेवलं, बँकेत "चष्मा विसरले हो, जरा भरून देता का" म्हणून निभावलं, ते आता ज्यांच्याकडून पगार घ्यायचा त्यांच्यासमोर उघडं. त्यात फोटो. अगं ते फोटो चांगल्या मनानेच टाकले असणार तुम्ही, पण त्या ग्रुपवर तिच्या सगळ्या घरच्या मालकिणी आहेत, आणि दुसऱ्या दिवशी कुणीतरी स्वयंपाकघरात हसत विचारलं असणार "काय मावशी, शाळेत जायला लागलात म्हणे". एवढं पुरतं. फोटो काढून टाका ग्रुपवरून आणि पुढे काढू नका, देणगीदाराला दाखवायलाही नको, वर्षभराने त्या आपण होऊन म्हणाल्या तर गोष्ट वेगळी.

वर्ग त्यांच्याकडे न्या. वस्तीत अंगणवाडी असते, दुपारी बंद असते. समाजमंदिर असतं, बुद्धविहार असतो, गणपती मंडळाची खोली असते जी दहा दिवस सोडले तर कॅरमसाठीच उघडते. मंडळाच्या पोरांशी नीट बोललं की देतात, मुलांच्या आयाच शिकणार आहेत शेवटी. जोत्यावर चटई टाकून सुरू केलेले वर्गही टिकलेले मी बघितलेत, कारण कुकरच्या शिट्ट्या मोजत मोजत बाई बसू शकते, मधेच उठून गॅस बंद करून परत येऊ शकते.

पुण्यात हे काही नवीन नाहीये. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी १८४८ मध्ये भिडे वाड्यात मुलींची शाळा काढली ते सगळ्यांना पाठ असतं, पण १८५५ मध्ये त्यांनी कष्टकरी आणि शेतकऱ्यांसाठी रात्रशाळा काढली ती आपल्या राहत्या घरात, हे फारसं कुणी सांगत नाही. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसा शाळा शक्य नाही, तर शाळेने वेळ बदलायची, माणसाने नाही. आणि अलीकडचं बघायचं तर कचरावेचक बायकांचं. एसएनडीटी विद्यापीठाच्या प्रौढ आणि निरंतर शिक्षण विभागातली मंडळी त्यांच्यात जाऊन काम करायला लागली, सुरुवात मुलांच्या शिक्षणापासून, आणि तिथे बसून ऐकता ऐकता लक्षात आलं की बायकांचं दुखणं वेगळंच आहे, त्यातून १९९३ ला कागद काच पत्रा कष्टकरी पंचायत ही कचरावेचकांची संघटना उभी राहिली, पुढे महापालिकेच्या मान्यतेची ओळखपत्रं मिळाली. शिकवायला गेलेल्यांनी आधी ऐकलं म्हणून हे झालं.

तर तूही आधी ऐक. ज्या नऊ जणी गळाल्या त्यांच्या घरी जा, पण "का नाही आलात" विचारायला नको, त्या प्रश्नाला "येते ना उद्या" हेच उत्तर येतं. त्याऐवजी विचार की मावशी, कुठे वाचता न आल्याने सगळ्यात जास्त अडतं? बघ कशी यादी निघते. बसची पाटी. रेशनच्या दुकानात पावतीवर किती किलो लिहिलंय आणि पिशवीत किती आलंय. सरकारी दवाखान्यात कुठल्या खिडकीला उभं राहायचं. गोळ्यांच्या पाकिटावर सकाळची कुठली रात्रीची कुठली. पोरीच्या शाळेतून आलेली चिठ्ठी, जी पोरगी स्वतःच वाचून दाखवते आणि जे सोयीचं तेवढंच वाचते. बचतगटाच्या रजिस्टरमध्ये अंगठा. ही यादी म्हणजे तुझा अभ्यासक्रम, आणि प्रत्येकीची वेगळी असेल तर असू दे.

म्हणून ती अंकलिपी बाजूला ठेव. लहान मुलांच्या चित्रांचं पुस्तक हातात दिलं की जिने तीन पोरं वाढवली, सासूचं आजारपण काढलं तिला आपण बालवाडीत बसवल्यासारखं होतं. आणि अ अननस, आ आई करत सगळी मुळाक्षरं, मग बाराखडी, मग शब्द, असं गेलं तर पहिला कामाचा शब्द वाचायला दोन महिने लागतात, तोवर कोण थांबतंय.

नावापासून सुरू कर. प्रत्येकीच्या स्वतःच्या नावापासून. समजा एकीचं नाव कमल आहे, तिला पहिल्या दिवशी क, म, ल तीनच अक्षरं द्यायची, कानामात्रा काहीच नाही, तासाभरात ती आपलं नाव गिरवते, ओळखते. दुसऱ्या दिवशी फक्त काना द्यायचा. तीन अक्षरं आणि एक काना, बघ काय काय निघतं, काम, काल, माल, लाल, मला, मका, मामा, काका, कला, कमाल. दुसऱ्या दिवशी बाई दहा शब्द वाचतेय! आणि त्यात "काम" आहे, "मला" आहे, तिच्या तोंडातले शब्द आहेत सगळे. मग शेजारणीच्या नावातलं अक्षर उसनं घ्यायचं, सुमनचा न आला की नाक, कान, मान, मन, नमन. प्रत्येकीचं नाव फळ्यावर असतं त्यामुळे एकमेकींची अक्षरं त्या आपोआप शिकतात, तू न सांगता. आणि गळलेली अक्षरं नंतर भरताना आकाराने जवळची एकत्र घे, आपण ग म भ न म्हणतो ते उगाच नाही, हाताला एकच वळण बसतं, तसंच व ब क, तसंच ट ठ ढ. जोडाक्षरांची घाई अजिबात करू नकोस. पण "स्वारगेट" किंवा "पुणे" असा रोज दिसणारा शब्द असेल तर तो अख्खा चित्रासारखा ओळखू दे, फोड नंतर करता येते.

एक अगदी साधी गोष्ट, जी जवळजवळ सगळे विसरतात. चाळिशी. चाळीस-पंचेचाळीसच्या पुढे जवळचं दिसत नाही, सुई ओवता येत नाही ते त्या सांगतात, पण वहीतलं अक्षर दिसत नाही हे सांगायचं सुचत नाही, कारण अक्षर दिसतं म्हणजे नेमकं कसं दिसतं हेच तिला माहीत नसतं. ती समजते की आपल्या डोक्यात शिरत नाहीये. वर्ग सोडणाऱ्यांत अशा किती तरी असतात. पहिल्याच आठवड्यात सगळ्यांचे डोळे तपासून घ्या, शिबिर भरवा नाहीतर दवाखान्यात नेऊन आणा, वाचायचा साधा चष्मा काही फार महाग नसतो. वह्या-पेन्सिलींवर केलेला खर्च आधी यावर करायला हवा. आणि पेन्सिलीबद्दल, ज्या हाताने आयुष्यभर घासणी आणि लाटणं धरलंय तो हात पेन्सिल इतकी दाबून धरतो की टोक तुटतं आणि बाई कानकोंडी होते. सुरुवातीला मोठी पाटी आणि जाड खडू दे, परातीत रवा पसरून बोटाने गिरवायला दे, हात सैल झाला की वही.

गणिताचं उलट आहे. तिथे त्या तुझ्यापेक्षा पुढे असू शकतात, भिशीचा हिशोब तोंडी करणारी बाई आहे ती, तिला एक अधिक एक शिकवू नकोस. तिला फक्त आकडे लिहायला-वाचायला हवेत, आणि मराठी आकडे आणि इंग्रजी आकडे दोन्ही, कारण कॅलेंडरवर एक असतात आणि मोबाईलवर दुसरे. माझ्या मते सगळ्यात उपयोगी धडा म्हणजे खाड्यांचा. भिंतीवरचं कॅलेंडर घ्यायचं, प्रत्येक घराला एक अक्षर द्यायचं, जोश्यांचा ज, पाटलांचा प, आणि ज्या दिवशी सुट्टी झाली त्या तारखेच्या चौकोनात ते अक्षर तिने स्वतः लिहायचं. महिन्याच्या शेवटी मॅडम म्हणतात पाच खाडे, ही म्हणते तीन, आणि आत्तापर्यंत मॅडमच्याच कॅलेंडरवर खूण असायची त्यामुळे हिला मान खाली घालून पैसे घ्यावे लागायचे. आता हिचंही कॅलेंडर आहे. सोसायटीत एखादीला हे आवडणार नाही, तुलाही कुणी बोलून दाखवेल की पोरींनो तुम्ही यांना नको ते शिकवताय. तेव्हा मागे हटू नकोस, लिहिता-वाचता येणं यासाठीच असतं.

मोबाईल मुद्दाम घे वर्गात, बहुतेकींकडे असतो. कुणाचा फोन आला ते नाव वाचणं, मिस्ड कॉल शोधणं, ओटीपीचा मेसेज कसा दिसतो आणि तो फोनवर कुणालाही सांगायचा नाही, पैसे आले का गेले हे मेसेजमध्ये कुठल्या शब्दावरून कळतं. त्या इंग्रजी अक्षरं मागतील, नक्की मागतील, कारण लिफ्टमध्ये, दुकानांच्या पाट्यांवर, औषधांवर सगळीकडे तेच. "आधी मराठी नीट येऊ दे" असं म्हणून तोडू नकोस, आठवड्यातून एकदा थोडं थोडं दे, मराठी पक्कं होईपर्यंत तेवढंच पुरे.

आणि घरी कुठली भाषा बोलतात तेही विचार. पुण्यात कामाला येणाऱ्या कितीतरी जणींच्या घरी कानडी, तेलुगू नाहीतर गोरमाटी, म्हणजे बंजारा समाजाची भाषा, बोलतात. मराठी बोलता येते म्हणून आपण गृहीत धरतो, पण पुस्तकी शब्द आला की त्यांना कळत नाही आणि विचारायची लाज वाटते. तिच्या तोंडी जो शब्द असेल तोच फळ्यावर लिही, प्रमाण मराठीचा आग्रह इथे नको, ती "व्हय" म्हणत असेल तर "व्हय" लिही.

आता सरकारी बाजू, कारण तुम्ही दोघी एकट्याने सगळं ओढायची गरज नाही. केंद्राचा उल्लास, म्हणजे नवभारत साक्षरता कार्यक्रम, २०२२ ते २०२७ असा चालू आहे, १५ वर्षांवरच्या कुणालाही नाव नोंदवता येतं, सगळं मोफत. शिकवणारे स्वयंसेवक असतात, त्यांना मानधन नसतं, आणि आठवीच्या पुढचे विद्यार्थीही स्वयंसेवक होऊ शकतात. हे वाक्य परत वाच, कारण याचा अर्थ असा की मावशीची नववीतली लेक तिची अधिकृत शिक्षिका होऊ शकते. जवळच्या महापालिकेच्या शाळेत जाऊन मुख्याध्यापकांना भेटा, नोंदणी, ॲप, वाचन साहित्य सगळं तिथून कळेल. नंतर परीक्षा असते, महाराष्ट्रात पहिली १७ मार्च २०२४ ला झाली, एकूण १५० गुण, वाचन, लेखन आणि संख्याज्ञान प्रत्येकी ५०, प्रत्येकात ३३ टक्के मिळाले की पास आणि प्रमाणपत्र. परीक्षा म्हटलं की घाबरतात, म्हणून आत्ता तो विषय काढूच नकोस. पाच-सहा महिन्यांनी जिला आपलं नाव, पत्ता, चार ओळी लिहिता येतील तिला हळूच सांग.

एखादी भराभर पुढे जाते, अशी एक तरी निघतेच. तिला तिथेच अडकवू नका. महाराष्ट्र राज्य मुक्त विद्यालय मंडळाकडून पाचवीची, आठवीची परीक्षा देता येते, शाळेत रोज जावं लागत नाही. मधेच शाळा सुटलेली असेल तर १७ नंबरचा, म्हणजे बाहेरून परीक्षेला बसायचा फॉर्म भरून दहावी, नाहीतर रात्रशाळा, बाजीराव रोडला सरस्वती मंदिर संस्थेचं पूना नाइट हायस्कूल आहेच. आठवी पास, दहावी पास असा कागद हातात आला की शाळेत, दवाखान्यात शिपाई-मदतनीस अशा कामांसाठी अर्ज तरी करता येतो, भांडी-फरशीच्या बाहेरचं एक दार किलकिलं होतं.

"आता या वयात काय करायचंय शिकून" म्हणाली ना एक, तिच्याशी वाद घालू नकोस. हे वाक्य बहुतेक वेळा तिचं नसतंच, घरी कुणीतरी बोललेलं असतं, नवरा नाहीतर सून, आणि ती ते तुझ्यासमोर आधीच बोलून टाकते म्हणजे तू बोलायला नको. २०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रातल्या बायकांची साक्षरता ७५.८७ टक्के होती, म्हणजे सात वर्षांवरच्या दर चार जणींत जवळजवळ एक बाई राहिलेली, आणि ती राहिली ती तिच्या आळसाने नाही, धाकट्या भावाला सांभाळायला घरी ठेवली म्हणून, तेराव्या-चौदाव्या वर्षी लग्न लावून दिलं म्हणून. दुष्काळात आई-बाप पुण्याला बांधकामावर आले आणि शाळा गावाकडेच राहिली, अशाही कितीतरी. तिला हे कुणी कधी म्हटलेलं नसतं की यात तुझी चूक नव्हती. तू म्हण. एकदाच, साध्या शब्दात, आणि विषय बदल.

बाकी छोट्या गोष्टी पटकन सांगते. हजेरी घेऊ नकोस. गावची जत्रा, लेकीचं बाळंतपण, पोरांच्या परीक्षा यात पंधरा पंधरा दिवस गैरहजेरी होणारच, परत आली की "किती दिवसांनी आलात" न म्हणता "या, बसा" म्हण आणि सोडलं होतं तिथून सुरू कर. लाल पेनने खोडू नकोस, चुकलेलं अक्षर शेजारी बरोबर काढून दाखव. "अहो सोप्पं आहे" हे कधीच म्हणू नकोस, सोपं असून आपल्याला येत नाही असा अर्थ होतो त्याचा. आणि त्यांना "अहो मावशी"च म्हणत राहा, वर्गात कुणी कुणाला अगं-तुगं करायचं नाही, लहान मुलं शिकवायला बसली तर त्यांनीही नाही.

त्या दोघी अजून येतायत ना, त्यांचा वर्ग एक दिवसही बंद ठेवू नकोस, क्लबहाऊस तर क्लबहाऊस. नवीन जागा आणि वेळ त्यांनाच ठरवायला लाव, बाकीच्या नऊ जणींना निरोपही त्यांच्याच तोंडून जाऊ दे, तुझ्या बोलावण्यापेक्षा त्यांचं बोलावणं जास्त चालेल. या रविवारी दुपारी त्यांच्याबरोबर वस्तीत जाऊन अंगणवाडीच्या सेविकाताईंना भेट, त्यांना घरोघरची माहिती असते, कुणाला वाचता येत नाही आणि कोण लपवतंय हेही. दिवाळीच्या आधी परत लिही मला, किती जणी आल्या यापेक्षा त्यांनी काय वाचायला मागितलं ते लिही.